सवाई की पक्षी? रजा चारच दिवसांची असेल तर

डिसेंबरात आपल्याकडचे पक्षी फारसे गात नाहीत. अर्धा निर्णय याच एका गोष्टीवर ठरतो, म्हणून ती आधी सांगून टाकते.

गेल्या दिवाळीत माझी भाची बंगळुरूहून आली होती. वर्षअखेरीची चार दिवस रजा तिच्या हातात होती आणि मनात दोन बेत होते. एक तर पुण्यात आमच्याकडे राहून सवाई, म्हणजे सवाई गंधर्वांच्या नावाचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, ऐकायचा, नाहीतर माझ्या माहेरी, देवरुखजवळच्या गावी, पहाटे उठून पक्षी ऐकायचे. दोन्ही तिला नवीन. "मावशी, तू दोन्ही इतकी वर्षं करतेस. मला एकच काय ते सांग," म्हणाली. एकच काय ते मला सांगता येईना. त्या रात्री फराळाचं ताट मध्ये ठेवून आम्ही दोन तास बोललो. तिच्यासारखं कुणी दोन्हींच्या उंबरठ्यावर उभं असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते इथे लिहिते आहे.

आधी कॅलेंडर बघा

पक्ष्याची हाक वेगळी आणि गाणं वेगळं. हाक बाराही महिने ऐकू येते. मांजर आलंय, इथे खायला आहे, मी इकडे आहे, एवढंच तिच्यात असतं. गाणं मात्र विणीच्या हंगामातलं. दिवस मोठा व्हायला लागला की नराच्या अंगात बदल होतात, तो आपली हद्द आखतो, मादीला बोलावतो आणि त्यासाठी तासन् तास गात राहतो. कोकिळा गाते असं आपण सहज म्हणून जातो, पण आंब्याच्या झाडातून येणारी ती 'कुऊ' काळ्याभोर नराची, कोकीळाची असते. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती 'किक किक किक' करत उडून जाते.

महाराष्ट्रात हे गाणं साधारण होळीच्या सुमाराला सुरू होतं आणि पावसाळा सरेपर्यंत पाळीपाळीने चालतं. मार्चपासून कोकीळ आणि दयाळ. उन्हाळा कडक तापला की पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं त्याचं ओरडणं चढत चढत टिपेला जातं आणि तुटतं, मग पुन्हा खालून सुरू होतं. आमच्याकडचे म्हातारे ते ऐकून अजून बियाण्याची चौकशी करतात. मेच्या शेवटाला दक्षिणेकडून नवरंग येतो आणि रानाच्या सावलीत बसून सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. मोसमी वाऱ्यांबरोबर चातक. आणि पाऊस लागला की सह्याद्रीतल्या ओढ्यांवर, आंबोलीला, ताम्हिणीत, माथेरानला, शीळकरी कस्तूर. माळरानावर पहिल्या सरींनंतर डोंबारी चंडोल आकाशात चढतो आणि शीळ घालत खाली सूर मारतो. त्याचं नाव त्याला फार शोभतं.

मग डिसेंबरात काय असतं? डिसेंबरात डोळ्यांची चंगळ असते. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) उतरलेले असतात, नांदूर मध्यमेश्वरला बदकांचे आणि पट्टकदंबांचे थवे असतात, संध्याकाळी भोरड्यांचे हजारोंचे लोट ज्वारीच्या शेतांवरून वळतात. या सगळ्याचा आवाज येतो, पण तो गलका असतो. मला तो आवडतो. पण 'पक्ष्यांचं गाणं ऐकायला' म्हणून जो डिसेंबरात रानात जातो, तो गाण्याच्या क्लासला सुट्टी असताना दारात उभा राहिल्यासारखा आहे.

आणि सवाई तर डिसेंबरातच असतं. बुधवार ते रविवार, बहुधा महिन्याच्या दुसऱ्या नाही तर तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे रजा डिसेंबरातलीच असेल आणि पुढे ढकलता येणार नसेल, तर इथेच प्रश्न सुटला. सवाईला या. रजा एप्रिलपर्यंत किंवा जूनपर्यंत राखून ठेवता येत असेल, तर मात्र पुढचं वाचा, कारण खरी तुलना तिथे सुरू होते.

मांडवातलं ऐकणं

१९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गुरू म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, ज्यांना सगळे सवाई गंधर्व म्हणत. ते १९५२ मध्ये गेले. आर्य संगीत प्रसारक मंडळ तेव्हापासून हा उत्सव भरवत आलं आहे, आणि २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. अनेक वर्षं तो रमणबागेच्या मैदानात व्हायचा, आता मुकुंदनगरला होतो.

मी भारतीय बैठकीचं तिकीट काढते. खुर्चीपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं, आणि जमिनीवर बसून गाणं ऐकण्यात एक गोष्ट आहे जी खुर्चीत मिळत नाही: शेजारच्याचं ऐकणं आपल्याला दिसतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या बाजूला सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. निळी शाल, पायाशी स्टीलचा डबा. गायक यायच्या आधी दोन तानपुरे जुळत होते. मांडवात हजारो माणसं, कुणी चटई झटकतंय, कुणी पलीकडे राहिलेल्या मुलाला हाका मारतंय, बाहेरच्या स्टॉलवरून वडापावचा वास येतोय. एक तार किंचित उतरलेली होती. बाईंचं कपाळ आक्रसलं. साथीदाराने खुंटी फिरवली, मग तारेतला मणी अगदी नखभर सरकवला, आणि दोन्ही तानपुरे एकमेकांत मिसळले. बाईंनी डोळे मिटले. त्याच क्षणी मांडवातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची कुरकुर थांबली. कुणी 'शांत राहा' म्हटलं नव्हतं. गायकाने षड्ज, म्हणजे 'सा', लावायच्या आधीच सगळी माणसं त्या स्वरापाशी जाऊन बसली होती.

इतक्या माणसांचं एका स्वराशी येऊन थांबणं महोत्सवाखेरीज कुठे अनुभवायला मिळत नाही. घरी ध्वनिमुद्रण कितीही चांगलं लावलं तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाच हजार माना एकदम हलत नाहीत. ज्याला रागांची नावंही ठाऊक नाहीत त्यालाही त्या हलणाऱ्या मानांवरून सम कळायला लागते. पहिल्याच संध्याकाळी कळते. गाणं शिकवणारा एवढा मोठा वर्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता अडचणी. एका दिवसात चार-पाच कलाकार होतात. तिसऱ्या कलाकारानंतर कान बोथट होतात, हे मी अनुभवाने सांगते. पाचही दिवस बसेन असा पण करणारे तिसऱ्या दिवशी स्टॉलवरच जास्त दिसतात. पहिल्यांदा येणाऱ्याने दोनच दिवस निवडावेत, आणि त्यातही दुपारी सत्र उघडतं तेव्हा जागेवर असावं. पहिल्या फळीची नावं रात्री असतात म्हणून लोक उशिरा येतात, आणि दुपारी मुलतानी किंवा पटदीप मांडणारी तरुण मुलं अर्ध्या रिकाम्या मांडवापुढे जीव ओतून गातात. माझ्या आठवणीत राहिलेली निम्मी गाणी त्या वेळेतली आहेत.

रविवारी रात्री सगळं संपताना सवाई गंधर्वांच्या भैरवीचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. तेवढ्यासाठी थांबा. ट्रेन चुकली तर दुसऱ्या दिवशी जा.

हरवलेली पहाट

इथे मला जे वाटतं ते स्पष्टच लिहिते. आपल्या संगीतात रागाला वेळ आहे. उजाडायच्या आधी ललत, सूर्य वर येताना भैरव, उन्हं चढली की तोडी, भर दुपारी सारंग, दिवेलागणीला मारवा आणि पूरिया, रात्री बागेश्री, त्याहून उशिरा दरबारी आणि मालकंस. जुना सवाई रात्र रात्र चालायचा. शेवटच्या दिवशी पहाटे भीमसेनजी गायला बसत. माझे वडील ते सांगताना अजून आवाज खाली आणतात. रात्रभर जागलेल्या कानावर पहाटेचा स्वर पडायचा आणि मांडवाबाहेर खरोखरच उजाडत असायचं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देतं, सवाईचा शनिवार त्यात बसतो. नियम योग्यच आहे, रुग्णालयाशेजारी राहणाऱ्याला तो विचारा. पण त्यामुळे महोत्सवाच्या घड्याळातून मध्यरात्र आणि पहाट गेली. दुपारी तीन-चारला सुरू होऊन दहाला संपणाऱ्या सत्रांत ललत कुठे मावणार? आज सवाईला जाणारा श्रोता मुलतानीपासून रात्रीच्या रागांपर्यंतचा दिवस ऐकतो. उरलेला अर्धा त्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

तो उरलेला अर्धा माझ्या माहेरच्या पडवीत अजून रोज होतो. तिथे ध्वनिक्षेपक लागत नाही.

पडवीतलं ऐकणं

एप्रिलचा दुसरा आठवडा. मी पावणेपाचला उठते. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, पडवीतल्या बाकावर नुसतं बसायचं. काळोख इतका की समोरचा फणस दिसत नाही. खालच्या रानातून रातव्याचं 'चक चक चक' चालू असतं, लाकडावर कुणी हलक्या हाताने ठोकत असल्यासारखं. ते थांबतं. थोडा वेळ काहीच नाही.

मग फणसाच्या शेंड्यावरून दयाळ. पहिली ओळ अगदी छोटी, चार स्वरांची, जणू आवाज लागतोय का ते पाहिलं. थांबला. पुन्हा तीच, शेवटचा स्वर खाली आणून. मग तो वाढवत जातो. पक्ष्याचं स्वरयंत्र आपल्यासारखं गळ्यात वर नसतं, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फाटते तिथे खाली असतं, आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवता येतात. म्हणून एवढ्याशा जिवातून एकात एक गुंफलेले स्वर येतात. दूर दुसऱ्या वाडीत दुसरा दयाळ आहे. आपला थांबला की तो म्हणतो, तो थांबला की आपला. हद्दीचं भांडणच आहे ते, पण एकमेकांची ओळ पुरी होऊ देतात.

पाच-दहा मिनिटांत भृंगराज कोतवाल सुरू होतो. तो नकलाकार. त्याच्या गाण्यात मधूनच शिक्र्याची किंकाळी येते, मधूनच दुसऱ्याच कुणाची शीळ. पूर्वेला राखाडी दिसू लागलं की बुलबुल, सातभाईंची कलकल, खाली ओढ्याच्या बाजूने भारद्वाजाचं खोल 'हूप हूप हूप', ऐकताना बाकाच्या फळीतून जाणवावं असं. शिंपी इतका लहान आणि आवाज केवढा. या क्षणी सगळं एकदम अंगावर येतं आणि नवखा माणूस गोंधळतो.

साडेसहाला निम्मे गप्प झालेले असतात. खायला शोधायच्या मागे लागतात. पहाटेच का गातात, तर त्या वेळी किडा दिसण्याइतका उजेड नसतो, वारा पडलेला असतो, आवाज लांब जातो आणि रात्र काढून मी अजून इथे आहे हे शेजाऱ्याला सांगणं गरजेचं असतं. ऊन तापलं की तांबट लागतो. चोच मिटून, गळा फुगवून 'टुक, टुक, टुक'. त्याची लय ढळत नाही. भाचीला मी म्हटलं, तबल्यावाल्याने हेवा करावा अशी लय.

माणसांचं गाणं आणि हे, यात एक मोठा फरक आहे आणि निवड करणाऱ्याने तो मनाशी नीट धरावा. मांडवात गायक आपल्यासाठी गातो. आपण नसलो तर मैफल नाही. पडवीत आपल्याला कुणी बोलावलेलं नसतं. दयाळाला माझी दाद नको आहे. काहींना यामुळे एकटं वाटतं, माझ्या नवऱ्याला वाटतं. मला तिथे इतकं मोकळं वाटतं की मी पुण्यात असताना त्या बाकाची वाट पाहते.

किती दिवस हवेत

सवाईला एक संध्याकाळ मिळाली तरी काहीतरी पदरात पडतं. पक्ष्यांचं तसं नाही. तिथे किमान तीन सकाळी हव्यात. पहिल्या सकाळी नुसता गोंगाट ऐकू येतो. दुसऱ्या सकाळी त्यातून दोन-तीन आवाज सुटे होतात. तिसऱ्या सकाळी झोपेतून जागं होतानाच 'हा दयाळ' असं मनात उमटतं, आणि तिथून पुढे तो पक्षी जन्मभर आपला. शनिवार-रविवार धावत जाऊन आलात तर दुसऱ्या सकाळीच परतावं लागतं आणि हाती काही लागत नाही. म्हणून एकच मोकळा दिवस असेल तर महोत्सव, तीन सकाळी असतील तर रान, हे मी डोळे मिटून सांगेन.

नाव ओळखायला मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे. आवाज ऐकून पक्षी सुचवतं, आपल्याकडचेही पुष्कळ ओळखतं. पण पहिल्या सकाळी फोन घरात ठेवा. नाव आधी आलं की कान आळशी होतो. सवाईतही तेच, राग कोणता ते शेजाऱ्याला लगेच विचारू नका. थोडं ऐका, कुठल्या स्वरावर गायक पुन्हा पुन्हा येऊन विसावतो ते पाहा. मग विचारा.

खर्चाचं फार लिहित नाही, कारण तो माणसागणिक बदलतो. पुण्यात नातेवाईक असतील तर सवाई स्वस्त, गावात घर असेल तर पक्षी फुकट. गाव नसेल तर कृषी पर्यटन केंद्र किंवा कुणाच्या घरची खोली घ्या, पण ठरवायच्या आधी मालकाला तीन गोष्टी विचारा. त्या तारखांना शेजारी लग्न आहे का? पहाटे साडेचारला फाटक उघडून मिळेल का? आवारातले दिवे रात्री बंद करता येतात का? तिसऱ्या प्रश्नाला जो 'कशाला?' न म्हणता 'हो' म्हणतो, त्याच्याकडे जा.

मुलं बरोबर असतील तर रान बरं. सात-आठ वर्षांच्या पोराला विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात चाळीस मिनिटं बसवणं त्याच्यावरही अन्याय आणि शेजारच्यावरही. तेच पोर सकाळी 'पेरते व्हा' ऐकून दिवसभर तसं ओरडत फिरतं. पावसाळ्यात सह्याद्रीत नेणार असाल तर पायात लांब मोजे घाला, जळवा असतात. मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा.

म्हाताऱ्यांचं जरा सविस्तर लिहिते. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. मांडी घालून बसणं संपलं, तेव्हा त्यांच्यासाठी सवाईत खुर्ची घेतो, कडेची, म्हणजे उठताना कुणाला त्रास नको. श्रवणयंत्र आहे. मांडवातल्या मोठ्या आवाजाने ते किंचाळतं, म्हणून ते कमी करून बसतात आणि सुखाने ऐकतात. गावी वेगळंच घडलं. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. शेवग्यावर चष्मेवाल्यांचा थवा आला, त्यांची ती बारीक, कापऱ्या आवाजातली कुजबुज. मी म्हटलं, "बाबा, चष्मेवाले." त्यांनी मान वळवली, शेवग्याकडे बघितलं, हलणारी पानं दिसली. "आवाज करतायत?" वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात हे मला वाचून ठाऊक होतं. त्यांना ते पक्षी दिसत होते आणि ऐकू येत नव्हते, आणि त्या वाडीतले चष्मेवाले मला लहानपणी त्यांनीच ओळखायला शिकवले होते. मग खालून भारद्वाज घुमला. त्यांनी बोट वर केलं. तो त्यांना अजून पुरता ऐकू येतो. त्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी भारद्वाजाची वाट बघतो.

घरात वय झालेलं कुणी असेल आणि दोन्हींपैकी काय आधी करावं असा प्रश्न असेल, तर पक्षी आधी. मांडवातला आवाज वाढवता येतो.

एक गोष्ट करू नका

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही पाच-सहा जण कोकणातल्या एका जंगलात वाटाड्या घेऊन गेलो होतो. नवरंग ऐकायचा होता. अर्धा तास झाला, आवाज नाही. वाटाड्याने खिशातून छोटा स्पीकर काढला, फांदीवर टांगला आणि नवरंगाच्या शिळेचं ध्वनिमुद्रण लावलं. दोन मिनिटांत पक्षी आला. या फांदीवरून त्या फांदीवर, पिसं फुलवून, कोण घुसलंय ते शोधत. सगळ्यांना फोटो मिळाले. स्पीकर चालूच होता. तो जूनचा महिना होता, कुठेतरी जवळ त्याचं घरटं असणार, आणि तो घरटं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत होता. मीही तिथे उभी होते आणि बोलले नाही. ते मला अजून लागतं.

सवाईच्या शेवटी जुनं ध्वनिमुद्रण लागतं तेव्हा हजारो माणसं ते कुणाचं आहे हे जाणून, मान खाली घालून ऐकतात. रानात लावलेलं ध्वनिमुद्रण ही फसवणूक आहे. वाटाड्या ठरवताना आधीच सांगा, स्पीकर नको. पक्षी नाही ऐकू आला तर नाही. वाट बघण्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा, म्हणजे त्यालाही आपल्याला काहीतरी दाखवलंच पाहिजे असं दडपण राहत नाही.

दोन्ही हवं असेल तर

हा पर्याय लोकांना सुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. माझं सासर फलटणच्या बाजूला. तिथे गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. आपल्याकडचा सगळ्यात जुन्या वळणाचा ग्रामीण संगीत महोत्सव हाच, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. तिकीट नाही, पंक्तीला बसा, वीणा खाली ठेवायची नाही म्हणून रात्री पहाऱ्याला उभे राहा.

चैत्रातला सप्ताह असेल तर पहाटे काकड्याला जा. वीसेक टाळकरी, एक पखवाज, भूपाळ्यांच्या चाली. कीर्तनकाराच्या मागे उभे राहणारे टाळकरी दिवसा ऊस तोडतात, बँकेत कारकुनी करतात, आणि चाल लावताना ज्या सहजतेने वरचा षड्ज गाठतात ते ऐकून माझ्या गाणं शिकलेल्या नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकडा संपून देवळाबाहेर यावं तर पिंपळावर कोकीळ लागलेला असतो. प्रत्येक 'कुऊ' आधीपेक्षा चढी. जुने संगीतशास्त्रकार पंचम, म्हणजे 'प' हा स्वर, कोकीळाकडून आला म्हणायचे. देवळाच्या पायरीवर टाळांचा नाद अजून कानात असताना ते खरं वाटतं. हरवलेली पहाट मला देवरुखनंतर सापडली ती इथे. गावात कर्णा लावला असेल तर मजा जाते. आमच्या गावाने पहाटेचा कर्णा बंद केला, म्हाताऱ्यांनीच आग्रह धरला.

गोव्यात वेगळ्या प्रकारे जमतं. केसरबाई केरकरांच्या नावाचं संगीत संमेलन कला अकादमी पणजीत भरवते, सहसा नोव्हेंबरात. संध्याकाळी गाणं ऐका, सकाळी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथल्या खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. गाण्याचा हंगाम नसला तरी खंड्यांची किलकिल आणि भरतीचं पाणी मुळांत शिरतानाचा आवाज, रात्रीच्या मैफलीनंतर कान धुऊन निघावेत असा आहे. लांब जायची तयारी असेल तर जोधपूरला शरद पौर्णिमेच्या सुमाराला मेहरानगड किल्ल्यावर लोकसंगीताचा महोत्सव होतो, त्यात किल्ल्याजवळच्या जसवंत थडा या राजांच्या स्मारकापाशी पहाटेचं गाणं असतं, पायऱ्यांवर बसून, उजाडताना. पहाट परत मिळवण्याचा तो एक मार्ग आहे, खर्चिक आहे.

भाचीचं काय झालं ते सांगते. तिने रजेचे दोन तुकडे केले. डिसेंबरात शनिवार-रविवारच आली. शनिवारी दुपारपासून १२ वाजेपर्यंत माझ्याशेजारी बसली, रविवारी भैरवीच्या ध्वनिमुद्रणापर्यंत थांबली आणि रात्रीची बस पकडून गेली. उरलेली रजा एप्रिलला ठेवली आहे. कोल्हापूरपर्यंत रात्रीच्या बसने यायचं, तिथून आंबा घाट उतरून साखरप्यावरून देवरुख. बाबा तिला न्यायला स्टँडवर येणार म्हणतात. पडवीतल्या बाकाचा एक पाय डुगडुगत होता, तो त्यांनी सुताराकडून परवाच बसवून घेतला.